दक्षिणेकडे तोंड केलेला अँटेना

१

गुरुवारी संध्याकाळी सातला मी दुकानातून परतलो, तर जिन्याच्या तळाशी चार शेजारी मयताला जमल्यासारखे उभे होते. मी बुटांवरचा बर्फ झटकतोय तोवर लुक्रेत्सियाबाई अंगावर धावून आल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि जगातल्या सगळ्यांनाच दुसरीतली पोरं समजतात.

"सहा वाजल्यापासून मुंग्या, तितुस! पडद्यावर नुसत्या मुंग्या! काय करून ठेवलंस वर?"

"मी? मी सकाळपासून दुकानात आहे. तपासणी आली होती, म्हणून उशीर झाला."

"मग वर होतं कोण?"

माझं दुकान टीव्ही दुरुस्तीचं, त्यामुळे इमारतीत काहीही दिसेनासं झालं की गुन्हेगार मीच. आमच्या सरकारी टीव्हीवर रोज दोन तास कार्यक्रम, आणि त्या दोन तासांत सत्तेवरच्या एकाच कुटुंबाचं गुणगान. म्हणून आम्ही बुखारेस्टच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांनी गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून अँटेना लावले होते. सत्तर किलोमीटरवर डॅन्यूब, नदीपलीकडे बल्गेरिया. तिथे सिनेमे, गाणी, फुटबॉल, सगळं होतं. याला कायद्याने बंदी नव्हती, पण बंदी नसलेल्या गोष्टींसाठीच आमच्याकडे पोलिसांचं बोलावणं यायचं.

आमच्या जिन्यात एका अँटेनावर पाच घरं होती. तळमजल्यावर फ्रोसाकाकू, पहिल्यावर लुक्रेत्सियाबाई, दुसऱ्यावर राइनाकाकू आणि चौथ्यावर मी, हे सगळे डाव्या बाजूला. उजव्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर फक्त पोंपिलिउसाहेब, म्हणजे इमारतीचे व्यवस्थापक. कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे पाहुणा राहिला, याची वही त्यांच्याकडे असते.

मी वर गेलो. चौथ्या मजल्यावर कपडे वाळवायची खोली आहे, तिची किल्ली प्रत्येक घरात असते. तिथून शिडी लावून झडप उघडली की गच्ची. बर्फ पडत होता, ठसे असलेच तर कधीच बुजले होते. अँटेना जागेवर होता. पण त्याच्या दांड्याला मी बांधलेला बूस्टर गायब होता. दोन वायरी तुटून वाऱ्यावर हलत होत्या.

बूस्टर नसेल तर आमच्याकडे बल्गेरियाचं वारंसुद्धा पोचत नाही.

टॉर्च फिरवला तर आणखी एक गोष्ट दिसली. दांड्याशी एक कोरी पांढरी वायर बांधलेली होती. ती मी लावलेली नव्हती. ती कठड्यावरून उजव्या बाजूने खाली उतरली होती. मी वाकून पाहिलं. वायरीचं टोक दुसऱ्या मजल्यावरच्या उजव्या घराच्या खिडकीशी पोचलं होतं.

त्या घरात सेवेर राहत होता, आणि मंगळवारीच आमच्या बैठकीने त्याला कनेक्शन नाकारलं होतं.

२

सेवेर येऊन तीन आठवडे झाले होते. चाळिशीचा, एकटा, बोलणं मोजकं. कुठे काम करतो विचारलं तर म्हणायचा, "एका कार्यालयात." घर मिळायला लोकांची दहा-दहा वर्षं जातात, याला महिन्यात मिळालं. आणि आल्या आल्या याने काय मागावं, तर अँटेनाचं कनेक्शन!

आमचा रिवाज असा की नवं कनेक्शन द्यायचं तर पाचही घरांनी हो म्हणायला हवं. मंगळवारी फ्रोसाकाकूंच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. सगळ्यात मोठ्याने पोंपिलिउसाहेब कडाडले होते.

"तो माणूस कान आहे, सरकारचा कान! उद्या आपली पाचही नावं त्याच्या कागदावर जातील. माझ्या वहीत मी त्याचा व्यवसाय लिहायला गेलो, तर म्हणाला, जागा कोरी ठेवा!"

चार विरुद्ध एक. एकट्या राइनाकाकू त्याच्या बाजूने होत्या. "एकटा आहे हो बिचारा," म्हणाल्या. "संध्याकाळी काय करत असेल?"

राइनाकाकू मूळच्या नदीपलीकडच्या. लग्न करून इकडे आल्या, नवरा गेला, भाषा राहिली. आम्ही बल्गेरियाचा टीव्ही बघतो तो त्यांच्या जिवावर. कोण कोणाच्या प्रेमात, कोण कोणाला मारणार, हे त्याच दुसऱ्या दिवशी जिन्यात समजावून देतात. धाकटा भाऊ स्टोइमेन नदीपलीकडे रूसे गावात. सव्वीस वर्षांत भेट नाही. पासपोर्टचा अर्ज अकरा वेळा परत आला. आणि फेब्रुवारीत भावाचं पत्र आलं, अर्थात आधी कोणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं. आठ मार्चला, महिला दिनाच्या रविवारी दुपारी चार वाजता त्याची गायक मंडळी टीव्हीवर येणार होती, थेट प्रक्षेपण.

तेव्हापासून काकूंनी रविवारशिवाय दुसरं काही बोलणं सोडलं होतं. अंबाडा कसा घालू, असंसुद्धा विचारायच्या. "मी त्याला दिसणार नाही, कळतंय मला. पण असं कसं बसायचं?"

आता गुरुवार होता आणि हातात तीन दिवस. मी गच्चीवरून खाली आलो आणि पाहिलेलं सांगितलं. राइनाकाकू जिन्याचा कठडा धरून पायरीवर बसल्या.

"बघितलंत?" पोंपिलिउसाहेब म्हणाले. "आपण दिलं नाही, म्हणून त्याने चोरून घेतलं. आणि आपलं तोडलं!"

पोलिसात जायची सोय नव्हती. काय सांगणार? लुक्रेत्सियाबाई तर तिथल्या तिथे सेवेरचं दार वाजवायला निघाल्या.

"थांब जरा," फ्रोसाकाकू म्हणाल्या. "चोर कोण ते माहीत असल्यासारखं काय करता सगळे?"

फ्रोसाकाकू रेल्वे स्टेशनवरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसल्या. माणूस येतो, म्हणतो माझी पेटी हरवली. त्या विचारणार, पेटी कशी होती? आत काय होतं? बिजागरी कुठली मोडकी? खरा मालक फटाफट सांगतो, लबाड माणूस छताकडे बघतो. एकतीस वर्षांत त्यांच्याकडून एकही छत्री चुकीच्या माणसाने नेली नाही, हे त्या अभिमानाने सांगतात.

"उद्या सगळ्यांची घरं बघू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची. माझंही."

३

शुक्रवारी कामावरून आल्यावर झडती सुरू झाली. आधी फ्रोसाकाकूंचं घर, मग लुक्रेत्सियाबाईंचं. पोंपिलिउसाहेब आमच्याबरोबर हिंडत होते आणि प्रत्येक दारात माफी मागत होते. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र फार वेळ गेला नाही. त्यांची बायको तापाने झोपली होती, आम्ही भिडेपोटी नुसते दारातून डोकावलो.

शेवटी सेवेरचं दार. मला वाटलं हा आता ओळखपत्र काढून आमच्या नाकाखाली धरणार. त्याने दार सताड उघडलं.

"बघा," म्हणाला.

लुक्रेत्सियाबाई कपाटात घुसल्या. मी पलंगाखाली पाहिलं. पोंपिलिउसाहेब स्वयंपाकघरात गेले. त्यांनी साखरेचा डबा उघडून आत बोट घातलं, मग चहाचा डबा, मग खुंटीवरच्या कोटाचे खिसे दोन दोनदा चाचपले. माणूस कामाला चोख, असं मला तेव्हा वाटलं.

घरात होतं काय? एक पलंग, एक टेबल, एक रेडिओ. आणि एक खुर्ची, उघड्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्या भिंतीपलीकडे राइनाकाकूंचं स्वयंपाकघर.

"भिंत बघत बसता की काय?" मी विचारलं.

"पाठीला तिथे बरं वाटतं," तो म्हणाला. मला ते उत्तर पटलं नाही.

फ्रोसाकाकू खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर ती पांढरी वायर. टोकाचं वेटोळं करून खिडकीच्या गजाला बांधलेलं.

"ही वायर तुमची?" त्यांनी विचारलं.

"सकाळी पाहिली. कोणाची ते ठाऊक नाही. हात लावला नाही."

"टीव्ही कुठे आहे तुमचा?"

आम्ही सगळेच इकडेतिकडे बघायला लागलो. खरंच की! कनेक्शन मागणाऱ्या माणसाच्या घरात टीव्हीच नव्हता.

"बहिणीकडून यायचाय," तो म्हणाला, पण कान लाल झाले होते.

बाहेर पडताच पोंपिलिउसाहेब कुजबुजले, "आता तरी खात्री पटली ना? टीव्ही नाही आणि कनेक्शन हवंय! म्हणजे हवं काय होतं त्याला? आपली नावं!"

या वेळी मलाही ते पटलं. फ्रोसाकाकू मात्र जिना उतरताना माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "तो खोटं बोलतोय, हे खरं. पण तितुस, खोटं बोलणाऱ्या प्रत्येकाने छत्री चोरलेली असतेच असं नाही. त्या खिडकीला वायर आत घ्यायला भोक कुठे आहे?"

"नाहीये."

"चोरून कनेक्शन घेणारा वायरीचं टोक थंडीत बाहेर बांधून ठेवेल? आणि त्या वेटोळ्याची गाठ गजाच्या वरच्या अंगाला आहे. घरातला माणूस समोर मारेल गाठ. ही कोणीतरी वरून सोडलेली आहे."

४

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. अँटेना फिरवायला मी गच्चीवर गेलो की खाली चित्र आलं की नाही हे कळायचं कसं? चार मजले ओरडलं तर शेजारची इमारतही जागी होईल. म्हणून आम्ही हीटरचा पाइप वापरतो. डाव्या बाजूच्या स्वयंपाकघरांतून एक पाइप सरळ वर कपडे वाळवायच्या खोलीपर्यंत जातो. मी तिथे उतरून पाइपावर दोन ठोके देतो. म्हणजे, आता बघा. खालून एक ठोका आला तर चित्र आहे. तीन आले तर नाही. उजव्या बाजूचा पाइप वेगळा, तो तिसऱ्यावरच संपतो. त्यामुळे पोंपिलिउसाहेबांना दर वेळी जिन्यात येऊन ओरडावं लागतं, आणि व्यवस्थापकाला हे शोभत नाही म्हणून ते चिडतात.

शनिवारी सकाळी फ्रोसाकाकू मला घेऊन राइनाकाकूंकडे गेल्या. राइनाकाकूंनी दोन दिवसांत केस विंचरलेले दिसत नव्हते.

"राइना, गुरुवारी सहाला काय झालं ते नीट सांग. अगदी क्रमाने."

"चित्र गेलं. मग मी वाजवलं. तीनदा. चमच्याने, नेहमीसारखं."

"आधीच तू वाजवलंस? स्वतःहून?"

"नाही गं, स्वतःहून कशाला वाजवीन? आधी दोन ठोके आले वरून. मग मी तीन दिले." त्या माझ्याकडे वळल्या. "तूच नाही का दिलेस, तितुस?"

मी तेव्हा दुकानात तपासणी अधिकाऱ्यांसमोर स्क्रू मोजत होतो.

"मीही ऐकले ते दोन," फ्रोसाकाकू म्हणाल्या. "मलाही वाटलं, तितुस आहे. सगळ्यांनाच वाटलं. म्हणून तर लुक्रेत्सिया तुझ्या अंगावर आली, काय करून ठेवलंस म्हणून. आता सांग, सेवेरला ठोक्यांचं कोणी सांगितलंय?"

कोणीच नाही. कनेक्शन मिळाल्याशिवाय ते सांगायचं नाही, हाही रिवाजच. तीन आठवड्यांच्या नव्या माणसाला पाइपातला आवाज म्हणजे पाण्यातली हवा. वर जाऊन अँटेनाला हात लावणारा, आणि मग दोन ठोके देऊन विचारणारा माणूस आमच्यातला होता.

चोर परका असला की राग येतो, घरचा निघाला की भीती वाटते.

आम्ही लुक्रेत्सियाबाईंकडे गेलो. "गुरुवारी सहाच्या सुमारास कुठे होतीस?" फ्रोसाकाकूंनी विचारलं.

"घरात! आणखी कुठे?"

"पावणेसहाला तू वर गेलीस. तुझ्या सपातांचा फटफट आवाज मला झोपेतही ओळखू येतो."

बाईंचा चेहरा पडला. दार लावून घेतलं, आवाज खाली आणला. "कपडे वाळवायच्या खोलीत, चादरींच्या मागे... भावाने गावाहून डुकराची तंगडी पाठवली आहे. घरात ठेवली तर वास येतो, लोक विचारतात. जरासा तुकडा कापायला गेले होते. सांगू नका हो कोणाला!"

तीन हिवाळे मी त्या चादरींशेजारून जातोय, आणि मला पत्ताच नाही.

"वर कोणी दिसलं?"

"नाही. पण शिडी लावलेली होती, झडप उघडी. मला वाटलं, तितुस गच्चीवर आहे. म्हणून पटकन तुकडा कापून पळाले. घरी आले, टीव्ही लावला, तेवढ्यात चित्र गेलं. दोन ठोके आले, मी सपातेने तीन दिले."

"दिलेस," फ्रोसाकाकू म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरच तर फटफट चालली होती तेव्हा." जिन्यात आल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दोन ठोके पडले तेव्हा ही खाली होती. राइना दुसऱ्यावर, चमचा घेऊन. तू दुकानात. मी इथे. सगळ्यांना संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे बोलाव. सेवेरलासुद्धा."

"पण मग उरलं कोण?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

५

पाच वाजता सगळे फ्रोसाकाकूंच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसलो. गॅसची शेगडी तेवढी उबदार. सेवेर दाराशी उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी होती.

"मी फक्त एक प्रश्न विचारणार आहे," फ्रोसाकाकू म्हणाल्या. "मी आयुष्यभर तोच विचारला. हरवलेली वस्तू केवढी होती? हातांनी दाखवा. तितुस, तू नाही."

लुक्रेत्सियाबाईंनी बुटांच्या खोक्याएवढे हात पसरले. राइनाकाकूंनी रेडिओएवढे. फ्रोसाकाकू म्हणाल्या, मलाही असंच वाटायचं, आत दिवे लुकलुकत असतील. सेवेर म्हणाला, "मी पाहिलेला नाही." पोंपिलिउसाहेबांनी हात खिशात घातले.

"मला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. "मी कधी गच्चीवर गेलो नाही."

"हो ना. तितुस, सांग आता."

"साबणाच्या डबीएवढा," मी म्हणालो. "साबणाच्या डबीतच बसवलाय तो मी, पाऊस लागू नये म्हणून."

"इतका छोटा असेल असं इथे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून काल लुक्रेत्सिया कपाटात शोधत होती." त्या पोंपिलिउसाहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही साखरेच्या डब्यात. कोटाच्या खिशात. स्टेशनवर वस्तूचं बरोबर वर्णन करणारा तो तिचा मालक. आमच्या जिन्यात उलटं झालं. ज्याने कधी पाहिली नाही त्याला ती केवढी आहे हे माहीत होतं, कारण ती त्याच्याकडे होती."

"म्हणजे काय! मी... माझं पद..."

"ठोके वाळवायच्या खोलीतून आले. तेव्हा आम्ही सगळ्या खाली होतो, हे पाइपानेच सांगितलं. सेवेरला ठोके माहीत नाहीत. वायर बरोबर तुमच्या खिडकीवरून खाली उतरते, आणि वरून सोडून बांधलेली आहे. साहेब, तुमच्या बायकोला ताप नाही. सकाळी ती माझ्यापुढे दुधाच्या रांगेत होती."

पोंपिलिउसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. ते स्टुलावर बसले आणि एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

"पण तुम्हीच तर विरुद्ध होतात!" लुक्रेत्सियाबाई किंचाळल्या. "सगळ्यात मोठ्याने!"

"बैठकीत दुसरं काय बोलणार होतो?" ते म्हणाले. "त्याच्या बाजूने बोललो असतो तर तुम्ही मलाच कान म्हणाला असता. पण मी रात्रभर विचार केला. तो तारेबाहेर राहिला तर आपल्याविरुद्ध लिहील. तारेवर आला तर? तर तोही बघणारा झाला ना! मग कोणाविरुद्ध लिहिणार? स्वतःविरुद्ध?" त्यांनी सेवेरकडे पाहिलंच नाही. "म्हटलं, गुपचूप जोडून टाकावं. टोक खिडकीशी सोडलं की त्याला कळेल. जोडलं तर ठिणगी उडाली. ठोके देऊन बघितलं, तर तीन आले. मग घाबरलो. डबी तोडून खिशात घातली आणि..."

"आणि आळ या माणसावर येऊ दिलात," राइनाकाकू म्हणाल्या.

"काकू, मला तुमचा रविवार..."

"माझा रविवार उद्या आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. मी वीस वर्षं त्यांना ओळखतो, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी घरून कॉफीचा डबा आणला. कॉफी केव्हाच संपलेली, आत माझी हिरवी डबी. मी उघडली आणि वास आला. ट्रान्झिस्टर जळाला होता. इवलासा, मसुराच्या दाण्याएवढा. तो एका ट्रकवाल्याने नदीपलीकडून आणून दिला होता. आमच्या दुकानात तसला मिळत नाही, कुठल्याच दुकानात मिळत नाही.

"दुसरा?" फ्रोसाकाकूंनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. चोर सापडला, पण चित्र गेलं ते गेलंच.

सगळे एकेक करून निघून गेले. राइनाकाकू मात्र जाताना सेवेरच्या दारी थांबल्या. आम्ही सगळ्यांनी तुमच्यावर संशय घेतला, म्हणाल्या, मी त्यांच्यातली आहे, तेव्हा माफी मीच मागते. मग त्याला त्यांनी भावाबद्दल काहीतरी सांगितलं. काय ते मला जिन्यातून ऐकू आलं नाही.

६

रविवारी सकाळी अकराला सेवेर माझ्या दाराशी आला. हातात आगपेटी. "हे चालतंय का बघा," म्हणाला आणि आत न येता उतरून गेला.

आगपेटीत कापसावर एक ट्रान्झिस्टर होता. माझ्या जळलेल्यापेक्षाही लहान, परदेशी, असल्या कामासाठी बनवलेला. पायांवरचा कथलाचा डाग ताजा चमकत होता. कुठल्यातरी यंत्रातून तो नुकताच काढलेला होता. तेव्हा मी विचार केला नाही. मी तो बसवला, बर्फात गच्चीवर चढलो, खाली येऊन दोन ठोके दिले.

एक ठोका आला. चमच्याचा.

चार वाजता आम्ही राइनाकाकूंच्या स्वयंपाकघरात. पोंपिलिउसाहेब आले नाहीत, बायकोच्या हाती चीजची वडी पाठवली. काकूंनी अंबाडा घातला होता, निळा पोशाख केला होता आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. सेवेरलाही त्यांनीच बोलावलं होतं. तो मागे, माझ्या आणि फ्रोसाकाकूंच्या मध्ये, भिंतीला टेकून उभा.

निवेदिका खूप वेळ बोलली. काकूंनी भाषांतर केलं नाही, आम्ही मागितलंही नाही. मग पडदा उघडला. चाळीस-पन्नास माणसं, तीन रांगा. काकू बोटाने एकेक चेहरा मोजायला लागल्या.

सेवेर हळूच मला म्हणाला, "रोज जेवताना ती भावाला रागावते, समोर बसल्यासारखी. सूप थंड होतंय, बस की रे. आज तरी दिसू दे तिला."

तो दयेने बोलला, मला आवडलंही ते. पण फ्रोसाकाकूंनी मान वळवली.

"ती हे एकटी असतानाच करत असणार," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दार लावून. मलासुद्धा तिने कधी सांगितलं नाही. तुम्हाला कुठून कळलं?"

माझ्या डोळ्यांपुढे ती भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची आली. आणि आगपेटीतला ट्रान्झिस्टर. इतक्या लहान, इतक्या चांगल्या ट्रान्झिस्टरचं यंत्र कशासाठी बनवतात, हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक आहे. लोकांच्या घरात ते चित्रं दाखवायला लावत नाहीत, बोलणं ऐकायला लावतात. परदेशी भाऊ, परदेशी पत्रं, अकरा अर्ज. हे घर त्याला महिन्यात का मिळालं होतं, तेही कळलं. पोंपिलिउसाहेब म्हणाले होते ते खरं होतं. फक्त कान आमच्या पाच जणांसाठी नव्हता, एकट्या राइनाकाकूंसाठी होता.

"मग आता तुमचं ते यंत्र?" मी विचारलं.

"आता ते तुमच्या गच्चीवर आहे."

"वरच्यांना काय सांगणार?"

"बंद पडलं, म्हणून सांगेन. खोटं नाही ते."

त्याला सोमवारी दुसरं मिळालं असेलही. मी कधी विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात बोलताना मी नळ सोडून ठेवतो, पाण्याच्या आवाजात बोलणं बुडावं म्हणून. पण त्या क्षणी मला त्याची घृणा वाटत होती, आणि त्याचे दोन्ही हात धरावेसेही वाटत होते. दोन्ही एकदम. मला लाज वाटत नाही सांगायला.

"हा!" राइनाकाकू ओरडल्या. "हा बघा! हा माझा!"

त्यांचं बोट काचेवर टेकलं होतं. दुसऱ्या रांगेत एक टकला, जाडा माणूस तोंड उघडून गात होता. काकू हसत होत्या, रडत होत्या, आणि त्याचे केस कुठे गेले असं त्यालाच विचारत होत्या. लुक्रेत्सियाबाई नाक पुसत म्हणाल्या, सगळं नाक तुमचंच हो.

मग काकूंनी मागे वळून पाहिलं.

"अहो सेवेर, तुम्ही मागे का? तिथून काय दिसतंय तुम्हाला? तुमच्यामुळे तर लागलं हे. पुढे या, माझ्याजवळ बसा."

सेवेर जागचा हलला नाही. तो फ्रोसाकाकूंकडे बघत होता, आणि मीही. एक शब्द निघाला असता, तर खोली कायमची बदलली असती. राइनाकाकू वाट बघत होत्या, एक हात काचेवर, दुसरा त्याच्याकडे पुढे केलेला.

फ्रोसाकाकूंनी आपलं स्टूल उचललं, एका बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "जा. बोलावतेय ना ती."